बालपणीचा आजार, प्रौढपणीचे वैयावृत्त्य

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचाही प्रसंग असतो. पन्नास वर्षांत काय जमा झाले, काय खर्ची पडले आणि कोणते देणे अद्याप बाकी आहे, हे व्यापारी वृत्तीच्या समाजाने अशा दिवशी पाहिले पाहिजे. अन्नदान, जीवदया, पाठशाळा, विहारातील साधू-साध्वींची व्यवस्था ही जमेची बाजू सर्वांना ठाऊक आहे. बाकी राहिलेले एक देणे मात्र कोणत्याही वहीत सहसा लिहिले जात नाही. त्याविषयीचे हे चार विचार आहेत.

आजारी बालकाविषयी समाजाला कळवळा असतो आणि वृद्ध रुग्णाविषयी आदर असतो. या दोहोंच्या मध्ये एक माणूस उभा आहे, ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. तो पंचवीस, तीस किंवा चाळीस वर्षांचा आहे. दिसावयास धडधाकट आहे. दुकानात बसतो, संसार करतो. परंतु बालपणी जडलेला एखादा आजार तो अजूनही बरोबर घेऊन चालत आहे. थॅलेसीमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, संधिवाती तापाने निकामी झालेली हृदयाची झडप, अपस्मार, बालमधुमेह अशी त्या आजारांची अनेक नावे आहेत. त्या सर्वांचा परामर्श एका व्याख्यानात घेणे शक्य नाही. म्हणून येथे एकाच आजाराचे उदाहरण घेतले आहे. तो म्हणजे पहिल्या प्रकारचा मधुमेह, ज्यास व्यवहारात बालमधुमेह म्हणतात. हे उदाहरण निवडण्यास कारण आहे. या आजाराचा संबंध अन्नाशी आहे, आणि अन्नाचा संयम हा जैन आचाराचा पाया आहे.

बाजारपेठेत ज्याला 'शुगर' म्हणतात तो चाळिशी-पन्नाशीतील मधुमेह वेगळा आणि हा वेगळा. यात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक शक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. अतिगोड खाल्ल्याने हा आजार होत नाही, तो संसर्गाने पसरत नाही, आणि आईच्या एखाद्या चुकीचे ते फळही नव्हे. एखादे सहा-आठ वर्षांचे मूल अचानक वारंवार पाणी मागू लागते, रात्री अंथरूण ओले करते, भराभर वाळते, आणि तपासणीत निदान होते. त्या दिवसापासून बाहेरून दिलेले इन्सुलिन हाच त्याच्या जीवनाचा आधार असतो. गोळी, काढा, मंतरलेला दोरा यांपैकी काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही. इन्सुलिन पूर्ण बंद केल्यास थोड्याच दिवसांत प्राणावर बेतते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालानुसार वीस वर्षांखालील अशा रुग्णांची सर्वाधिक संख्या भारतात, म्हणजे सुमारे २ लाख २९ हजार इतकी होती. ही सर्व मुले मोठी होणार आहेत. नेमका तेथेच हा विषय सुरू होतो.

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण अशी मुले मोठी होतच नसत. त्या काळी अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांची एक उपचारपद्धती प्रसिद्ध होती. मुलाला जवळजवळ उपाशी ठेवावयाचे, एवढाच तो उपचार होता. त्यामुळे आयुष्य काही महिने वा थोडी वर्षे लांबत असे, पण मूल अस्थिपंजर होई. कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जॉन मॅक्लाउड आणि जेम्स कॉलिप यांच्या परिश्रमातून इन्सुलिन सिद्ध झाले आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. या शोधाचे एकस्व संशोधकांनी टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. औषधदानाचे याहून मोठे उदाहरण क्वचितच सापडेल.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज नावाची एक मुलगी टोरांटोला पोहोचली. तिचे वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. वयाच्या अकराव्या वर्षी आजार जडलेली ही मुलगी तीन वर्षे अ‍ॅलन यांच्या उपासमारीच्या पथ्यावर तगली होती. पंधरावे वर्ष लागत असताना तिचे वजन जेमतेम वीस किलो उरले होते. इन्सुलिन मिळाले आणि ती वाचली. तिचे शिक्षण झाले, १९३० साली विवाह झाला, तीन अपत्ये झाली, आणि १९८१ मध्ये वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ती निवर्तली. आयुष्यात तिने सुमारे ४२,००० इंजेक्शने घेतली असे सांगितले जाते. परंतु या कथेचा दुसरा भागही आहे. आपला आजार तिने आयुष्यभर जवळजवळ सर्वांपासून लपविला. सुशिक्षित, सधन, प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीलाही तो सांगण्याचा धीर झाला नाही. इन्सुलिनने तिला प्रौढपण दिले, पण समाजाने ते प्रौढपण उघडपणे जगू दिले नाही. शंभर वर्षांनंतर मराठवाड्यातील गावांत परिस्थिती किती बदलली आहे, याचे उत्तर प्रत्येकाने मनाशीच द्यावे.

इन्सुलिन घ्यावे की नाही, असा एक प्रश्न पूर्वी जैन घरांत पडत असे, आणि तो रास्त होता. सुमारे साठ वर्षे इन्सुलिन हे कत्तलखान्यांतील गुरे व डुकरे यांच्या स्वादुपिंडापासून काढले जाई. १९८२ साली अमेरिकेत सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने तयार केलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली. २००३ साली वोक्हार्ट या भारतीय कंपनीने स्वतः विकसित केलेले असे इन्सुलिन बाजारात आणले, आणि तिचा जैवतंत्रज्ञान प्रकल्प वाटूरपासून दूर नव्हे, तर तेव्हाच्या औरंगाबादेत उभा राहिला. आज प्रचलित इन्सुलिन हे बहुतांशी याच पद्धतीचे असते. तेव्हा त्या कारणाने कोणाच्या मनात किंतु राहिला असल्यास तो आता काढून टाकावा.

आता अठराव्या वर्षाकडे वळू. मूल लहान असते तोवर त्याच्याभोवती तीन हात असतात. पहिला हात बालरोगतज्ज्ञाचा, जो त्याला नावाने ओळखतो. दुसरा हात शासनाचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथूनच झाला, आणि तो जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांसाठी आहे. तिसरा हात आईचा, जी रात्री तीन वाजता उठून मुलाच्या कपाळावर घाम आहे का ते पाहते. अठरावे वर्ष सरले की पहिले दोन हात आपसूक सुटतात. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आता मोठ्यांच्या डॉक्टरकडे जा. मोठ्यांच्या दवाखान्यात पन्नाशी-साठीच्या रुग्णांची रांग असते आणि तेथे या तरुणाला तेच ते ऐकावे लागते की, गोड कमी करा, फिरावयास जा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यांत थॅलेसीमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांचा समावेश झाला, परंतु बालमधुमेहाचा नाही. उरतो तो आईचा हात. तो थकत जातो, आणि एक दिवस तोही नसतो.

याच वयात मुलगा शिक्षणासाठी पुण्याला वा छत्रपती संभाजीनगरला जातो आणि वसतिगृहात राहतो. मित्रांना कळू नये म्हणून इंजेक्शन चुकवितो. मुलगी सासरी जाते आणि स्वयंपाकघरातील शीतकपाटात इन्सुलिन ठेवावयास संकोचते. या चुकलेल्या मात्रांचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही, तो दहा-पंधरा वर्षांनी दिसतो. अमेरिका व कॅनडात १,४४१ रुग्णांवर १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की, साखर काटेकोर नियंत्रणात ठेवणाऱ्यांमध्ये डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी, मज्जातंतूंच्या विकाराचा ६० टक्क्यांनी आणि मूत्रपिंडाच्या विकाराचा सुमारे निम्म्याने कमी झाला. याचा व्यवहारी अर्थ असा की, विशी आणि तिशीतील दुर्लक्षाची वसुली चाळिशीत होते, आणि तीही व्याजासह. दृष्टी आणि मूत्रपिंड यांची वसुली पुन्हा परत मिळत नाही.

मग प्रौढ रुग्णाची शुश्रूषा म्हणजे नेमके काय करावयाचे? प्रथम हे लक्षात घ्यावे की, तीस वर्षांच्या माणसाची काळजी सहा वर्षांच्या मुलासारखी घेता येत नाही. पाहुण्यांसमोर "याला लाडू देऊ नका, याला शुगर आहे" असे मोठ्याने सांगणे ही काळजी नव्हे, तो उपमर्द आहे. आजार त्याचा आहे, सुई त्याच्या हातात आहे आणि निर्णयही त्याचाच असावा. हा अधिकार एका दिवसात येत नाही. बारा-तेराव्या वर्षापासून मुलाने स्वतः साखर तपासावी, मात्रा मोजावी, डॉक्टरांशी स्वतः बोलावे, आणि आईने हळूहळू एक पाऊल मागे घ्यावे. दुकानाचा व्यवहार मुलाच्या हाती सोपविताना वडील जसे आधी रोजकीर्द लिहावयास शिकवितात, मग खरेदीला बरोबर नेतात आणि शेवटी किल्ल्या देतात, तसाच हा क्रम आहे. किल्ल्या दिल्यानंतरही वडील दुकानात येत राहतात, मात्र गल्ल्यावर बसत नाहीत.

दुसरी गोष्ट साधनांची. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, आणि ते गोठता कामा नये. उघडलेली कुपी सावलीत, साधारण ३० अंशांखाली, सुमारे चार आठवडे चालते. मराठवाड्याच्या वैशाखात पत्र्याखालील खोलीत किंवा उभ्या मोटारीत ठेवलेले इन्सुलिन निष्प्रभ होते; ते डोळ्यांना दिसत नाही आणि साखर का वाढली हे कळत नाही. वीज गेल्यास ओल्या वाळूत वा पाण्यात ठेवलेले मातीचे मडके, आणि त्यात कोरड्या डब्यातील इन्सुलिन, हा साधा उपाय उपयोगी पडतो. खर्चाचाही विचार हवा. दिवसाला चार इंजेक्शने धरली तर वर्षाला १,४६० होतात. तपासणीच्या पट्ट्या त्याहून वेगळ्या. रुग्णालयात दाखल न होणाऱ्या माणसाचा हा दैनंदिन खर्च बहुधा घरालाच सोसावा लागतो. लहान पगारावर नोकरी करणाऱ्या माणसाचा हात प्रथम पट्ट्यांवरच आखडतो, आणि तपासणी थांबली की मात्रा अंदाजाने घेतली जाते.

तिसरी गोष्ट तपाची, आणि ती सर्वांत नाजूक आहे. पर्युषण पर्व आले की घराघरांत उपवास, एकासणे, आयंबिल, अठ्ठाई यांची चर्चा सुरू होते. पारण्याच्या दिवशी तपस्वींचा सत्कार होतो. अशा वेळी या तरुणाच्या मनात काय चालते, याचा विचार करावा. समजा, सत्तावीस वर्षांचा एक मुलगा आहे. त्याच्या वयाच्या सर्वांनी अठ्ठाई केली आहे. लोक विचारतात, "तू का नाही केलीस?" आजार घराबाहेर सांगावयाचा नाही असे ठरलेले असते. मग तो काहीच न बोलता संवत्सरीचा उपवास करतो. अन्न घ्यावयाचे नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करतो, किंवा अंदाजाने नेहमीइतके घेतो. पहिल्या प्रकारात रक्तात आम्ल साचते, दुसऱ्या प्रकारात साखर अकस्मात उतरते. दोन्ही मार्ग थेट अतिदक्षता विभागाकडे जातात. चउविहाराचेही तसेच आहे. हिवाळ्यात सहाच्या आत जेवण आटोपून सकाळी नवकारसीनंतर मुखात अन्न घेतले, तर मध्ये सुमारे चौदा तासांचे अंतर पडते. निरोगी माणसाला ते हितकारक असेल, परंतु इन्सुलिन घेणाऱ्यासाठी त्या रात्रीतील तीनचा प्रहर घातक ठरू शकतो.

येथे धर्म आणि वैद्यक यांचा संघर्ष आहे असे वाटते, पण तो खरा नाही. पच्चक्खाणाची रचना करणाऱ्या पूर्वाचार्यांना मनुष्यदेहाची पूर्ण जाण होती. म्हणूनच त्यांनी पच्चक्खाणात आगार ठेवले. त्यांतील सर्वसमाधी-प्रत्यय आगार असे सांगतो की, तीव्र व्याधीमुळे समाधी भंगण्याची वेळ आल्यास औषधादी घेतल्याने व्रतभंग होत नाही. तपाचे बारा भेद आहेत. त्यांतील अनशन हा बाह्य तपाचा पहिला भेद. ज्याच्यासाठी तो प्राणघातक आहे, त्याच्यासाठी ऊनोदरी आहे, रसपरित्याग आहे, स्वाध्याय आणि ध्यान आहे. उपवास करावयाचाच असेल तर तो डॉक्टरांच्या सल्ल्याने, मात्रा ठरवून, वारंवार साखर तपासून आणि कमी होताच तत्काळ सोडण्याच्या तयारीनेच व्हावा. स्वतःच्या मनाने इन्सुलिन कधीही बंद करू नये. आणि "तू का नाही केलास?" हा प्रश्न विचारण्याची सवय समाजाने सोडावी. रोज चार वेळा सुई टोचून घेऊन, प्रत्येक घास मोजून खाणारा माणूस संयम शिकण्यासाठी कोणाकडे जाणार? तो तर बालपणापासून त्याच शाळेत आहे.

चौथी गोष्ट विवाहाची. या आजाराचे नाव काढले की सोयरीक मोडते, म्हणून तो लपविला जातो, आणि लपविला म्हणून पुढे विश्वास मोडतो. सत्य असे आहे की, असा तरुण वा तरुणी शिक्षण, व्यापार, संसार सर्व काही करू शकते. आधीपासून साखर नियंत्रणात ठेवून आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली अशा स्त्रियांना निरोगी अपत्ये होतात, आणि बहुतांश अपत्यांना हा आजार होत नाही. म्हणून बोलणी पुढे जाण्यापूर्वी दोन्ही घरांनी, शक्यतो डॉक्टरांसमक्ष, मोकळेपणाने बोलावे. नकार आल्यास तो शांतपणे स्वीकारावा. परंतु होकार देणाऱ्या घराचा समाजाने गौरव करावा, कारण तेही एक व्रतच आहे.

मराठवाड्यात या कामाचा आदर्श नाही असे नव्हे. छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. अर्चना सारडा यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली 'उडान' ही संस्था बालमधुमेही मुलांना इन्सुलिन, तपासणीचे साहित्य आणि आजाराचे शिक्षण देण्याचे कार्य करीत आली आहे. पुण्यात जहांगीर रुग्णालयाशी संलग्न संशोधन संस्थेत डॉ. वामन खाडिलकर व डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी या मुलांसाठी मोठे काम केले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ साली या आजारासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मोठ्या शहरांतील ही ज्ञानगंगा वाटूर फाट्यापर्यंत आणणे हे स्थानिक संस्थांचे काम आहे.

एखाद्या ट्रस्टला त्यासाठी काय करता येईल? मोठी इमारत नको, मोठी देणगीही नको. स्थानकात व मंदिरात एका ठरावीक जागी साखरेची वा ग्लुकोजची डबी ठेवावी आणि ती कशासाठी आहे हे सर्वांना सांगावे. कोणाला अचानक घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर शुद्धीत असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे. पर्वाच्या भोजनशाळेत सूर्यास्तापूर्वी अशा व्यक्तीच्या वेळेनुसार जेवण मिळेल अशी सोय ठेवावी. औषधदानाच्या निधीतून गरजू प्रौढ रुग्णांना वर्षभर तपासणीच्या पट्ट्या द्याव्यात आणि त्यांची नावे फलकावर लावू नयेत. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने व पायांची संवेदना यांची तपासणी घडवून आणावी. आणि अठरावे वर्ष पूर्ण होणाऱ्या प्रत्येक अशा मुलाला योग्य डॉक्टरपर्यंत पोहोचविण्यासाठी एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने त्याच्याबरोबर पहिल्यांदा जालन्याला वा संभाजीनगरला जावे. एक दिवस आणि बसचे तिकीट, एवढाच त्याचा खर्च आहे.

तत्त्वार्थसूत्रात अंतरंग तपाच्या सहा भेदांत वैयावृत्त्य सांगितले आहे, आणि ज्यांचे वैयावृत्त्य करावे अशा दहांमध्ये 'ग्लान' म्हणजे आजारी याचा स्वतंत्र उल्लेख आहे. तो उल्लेख मुनिसंघाच्या संदर्भात असला तरी त्यातील भाव श्रावकालाही मार्गदर्शक आहे. तेथे ग्लानाला वयाची अट नाही. तो बालक असो, तरुण असो वा वृद्ध असो, जोवर व्याधी आहे तोवर सेवेचे कर्तव्य आहे.

अमेरिकेत बोस्टन येथे जोस्लिन नावाचे मधुमेह केंद्र आहे. इन्सुलिनवर पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या व्यक्तीला हे केंद्र १९७० पासून पदक देत आले आहे. दिवसाला चार इंजेक्शने या हिशेबाने पन्नास वर्षांत ती ७३,००० होतात. तोही एक सुवर्णमहोत्सवच आहे. त्याला मंडप नसतो, सनई नसते, स्मरणिकाही नसते. आज वाटूरच्या पंचक्रोशीत एखादे आठ वर्षांचे मूल पहिली सुई घेत असेल, तर त्याचाही असा सुवर्णमहोत्सव व्हावा, अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याची दृष्टी शाबूत असावी, तो आपल्या पायांनी चालत मंदिराची पायरी चढावा, आणि आपला आजार त्याने कधी कोणापासून लपविलेला नसावा. या ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांच्या वहीचे पहिले पान या संकल्पाने लिहिले जावे, हीच या मंगल प्रसंगी नम्र विनंती.